मायक्रोइमल्शनचा फेज स्कॅन: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नवी मुंबईच्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातल्या फॉर्म्युलेशन लॅबमध्ये एमएस्सी करून आलेल्या मुलामुलींना बऱ्याचदा पहिलं काम मिळतं ते असं: हे तेल, हे पाणी, हा सर्फॅक्टंट (तेल-पाणी जुळवणारा साबणासारखा पदार्थ), क्लिअर करून दाखवा. मग कीटकनाशक असो, परफ्यूम असो की मेटल कटिंग ऑइल. गढूळ दिसलं की थोडा सर्फॅक्टंट वाढवायचा, मग थोडं अल्कोहोल, मग पुन्हा सर्फॅक्टंट. शेवटी बाटली पारदर्शक होते, सॅम्पल मंजूर होतं आणि मे महिन्यात गोदामातून फोन येतो की माल फाटलाय, थर दिसतायत.

या चक्रात अडकण्याआधी नकाशा काढायला शिका. कुठल्या तापमानाला, किती मिठाला, किती थर पडतात, एवढाच तो नकाशा. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. काचेच्या नळ्यांची एक रांग, चांगला वॉटर बाथ आणि थांबण्याची तयारी पुरते. पार्टिकल साइझरकडे, म्हणजे थेंबांचा आकार मोजणाऱ्या यंत्राकडे, धाव घेण्याआधी ही रांग लावा, असं माझं ठाम मत आहे. साइझर तुम्हाला एक आकडा देईल, पण तुम्ही नकाशावर कुठे उभे आहात ते सांगणार नाही. त्यातून क्रिटिकल बिंदूच्या, म्हणजे दोन थर एकसारखे होऊन मिसळतात त्या जागेच्या, जवळ असाल तर तो आकडा थेंबांचा नसतोच.

आधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या

साधं इमल्शन ढवळून बनवावं लागतं आणि आज ना उद्या ते फुटतं. मायक्रोइमल्शन, म्हणजे सर्फॅक्टंटने तेल आणि पाणी अगदी बारीक पातळीवर एकत्र धरलेलं मिश्रण, आपोआप बनतं आणि टिकतं, कारण ती समतोल स्थिती आहे. होअर आणि शुलमन यांनी अशा पारदर्शक मिश्रणांचं वर्णन १९४३ मध्ये केलं. मायक्रोइमल्शन हे नाव शुलमन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिलं. समतोल असल्यामुळे त्याची एक सोपी परीक्षा घेता येते. नळी गरम करून थर पाडा, पुन्हा मूळ तापमानाला आणा आणि थांबा. पहिली स्थिती जशीच्या तशी परत आली तर मायक्रोइमल्शन. आली नाही, तर तुमच्या हातात बारीक थेंबांचं साधं इमल्शन आहे, मग ते कितीही क्लिअर दिसो.

थरांचे प्रकार विन्सर यांनी १९४८ मध्ये मांडले आणि आजही लॅबमध्ये तेच बोलले जातात. विन्सर एक: सर्फॅक्टंट खालच्या पाण्याच्या थरात, वर जास्तीचं तेल. विन्सर दोन: सर्फॅक्टंट वरच्या तेलाच्या थरात, खाली जास्तीचं पाणी. विन्सर तीन: मधल्या थरात सर्फॅक्टंट, त्याच्या वर तेल आणि खाली पाणी. विन्सर चार: सगळं एकाच थरात.

एकातून दुसऱ्यात नेणारी कळ सर्फॅक्टंटच्या जातीप्रमाणे बदलते. एसडीएससारख्या (सोडियम डोडेसिल सल्फेट) आयनिक, म्हणजे विद्युतभार असलेल्या, सर्फॅक्टंटला मीठ वाढवलं की तो पाणी सोडून तेलाकडे झुकतो. इथॉक्सिलेटसारखा नॉन-आयॉनिक, म्हणजे भार नसलेला, तापमान वाढलं की तेलाकडे झुकतो, कारण त्याच्या इथिलिन ऑक्साइडच्या साखळीची पाण्याशी असलेली जवळीक उष्णतेने कमी होते. शिनोदा यांनी १९६० च्या दशकात यावरूनच फेज इन्व्हर्शनच्या, म्हणजे सर्फॅक्टंट पाण्याकडून तेलाकडे पलटतो त्या, तापमानाची कल्पना रुजवली. नव्या माणसाने सुरुवात मिठाच्या स्कॅनने करावी. बाथ एकाच तापमानाला ठेवायचा असतो, म्हणून चुकायला जागा कमी.

पायरी पहिली: सामान

१० मिलीच्या, खुणा असलेल्या, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या बुचाच्या दहा-बारा नळ्या घ्या. रबरी बूच नको; टोल्युईनमध्ये रबर फुगतं आणि त्यातलं काहीबाही नळीत उतरतं. तुमच्या स्टोअरमध्ये नसतील तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या काचसामानाच्या दुकानांत मिळतील. चार दशांश स्थळांचा काटा, पाणी फिरवणारा बाथ, वेगळा कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर, एक लाल लेझर पॉइंटर आणि पोलरॉइडचे (प्रकाशाची एकच कंपनदिशा जाऊ देणारी फिल्म) दोन तुकडे एवढं जमवा.

रसायनांत एसडीएस, एन-ब्युटॅनॉल, टोल्युईन, मीठ आणि डीआयोनाइज्ड पाणी. नळाचं पाणी नको, त्यातलं कॅल्शियम एसडीएसला धरतं. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाची बाटली आठवड्यात ओलसर होते, म्हणून मीठ ओव्हनमध्ये ११० अंशांना सुकवून डेसिकेटरमध्ये ठेवा. एसडीएसही नव्या डब्यातला घ्या. जुना, दमट झालेला एसडीएस थोडाथोडा तुटून त्यात लॉरिल अल्कोहोल तयार होतं. ते को-सर्फॅक्टंटसारखं, म्हणजे सर्फॅक्टंटच्या जोडीदारासारखं, वागतं आणि तुमच्या सगळ्या सीमा सरकवतं.

टोल्युईनचं सगळं काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. त्याची वाफ पेट घेते आणि डोक्यालाही चढते.

पायरी दुसरी: नळ्या भरणं

या मिश्रणावर फ्रान्समधल्या लांजव्हँ, काझाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास इतकं बारकाईने काम केलं की तुमचे निकाल ताडून पाहायला तयार आकडे आहेत. वजनाने प्रमाण साधारण असं: मिठाचं पाणी ४६.८ टक्के, टोल्युईन ४७.२ टक्के, एसडीएस २ टक्के, ब्युटॅनॉल ४ टक्के. म्हणजे १० ग्रॅमच्या नळीत मिठाचं पाणी ४.६८, टोल्युईन ४.७२, एसडीएस ०.२० आणि ब्युटॅनॉल ०.४० ग्रॅम.

नळ्यांमध्ये फरक फक्त मिठाचा: ३, ४, ५, ५.५, ६, ६.५, ७, ७.५, ८ आणि ९ टक्के. हे टक्के पाण्याच्या भागातले आहेत, पूर्ण नळीतले नव्हेत. दर वेळी मीठ मोजत बसू नका. २० टक्क्यांचं एकच स्टॉक द्रावण करा. ६ टक्क्यांच्या नळीसाठी त्यातलं १.४०४ ग्रॅम आणि साधं पाणी ३.२७६ ग्रॅम, की ४.६८ ग्रॅम झालं.

क्रम पाळा. आधी एसडीएस, मग साधं पाणी, मग ब्युटॅनॉल, विरघळू द्या. त्यानंतर मिठाचा स्टॉक आणि सर्वांत शेवटी टोल्युईन. एसडीएसवर थेट खारट पाणी ओतलं तर एसीच्या गारव्यात पांढरा साका बसतो आणि तो विरघळायला उगाच वेळ जातो. अंतिम स्थिती क्रमावर अवलंबून नसते, पण तिथे पोचायला लागणारा वेळ असतो.

बूच लावून नळी हळूच उलटसुलट करा. मिक्सरवर घुसळू नका. घुसळल्याने साधं इमल्शन बनतं आणि ते बसेपर्यंत तुमचं वाचन अडून राहतं.

पायरी तिसरी: बाथ

मूळ मोजमापं २० अंश सेल्सिअसच्या आसपासची आहेत. चिलर नसलेला साधा बाथ खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, आणि ठाणे-बेलापूर रोडवर एसी नसलेली खोली २० अंशांना कधीच नसते. चिलर नसेल तर सरळ ३५ अंश ठरवा आणि तेच शेवटपर्यंत पाळा. सीमा थोड्या सरकतील, चित्र तेच राहील. बाथच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर नळ्यांच्या शेजारी बुडवा. वीज गेली आणि बाथ थंड झाला, तर त्या दिवसाचं वाचन सोडून द्या आणि नळ्या पुन्हा एकदा उलटसुलट करून घड्याळ शून्यावर आणा.

पहिलं वाचन २४ तासांनी. मग हळूच उलटसुलट करून पुन्हा २४ तास. दोन वाचनं जुळली तरच वहीत पक्कं लिहायचं.

पायरी चौथी: वाचन

थर किती, प्रत्येकाची उंची किती आणि प्रत्येक थर कसा दिसतो, या तिन्ही गोष्टी लिहा. नवी मुलं तिसरी गोष्ट गाळतात. कमी मिठाच्या नळ्यांत दोन थर दिसतील, खालचा किंचित निळसर. ५.४ टक्क्यांच्या आसपास तीन थर सुरू होतात आणि ७.४ च्या आसपास पुन्हा दोन होतात. आता निळसर थर वर असतो.

मधल्या नळ्यांपैकी एक हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरा. वर पाण्यासारखं स्वच्छ टोल्युईन, खाली तसंच स्वच्छ पाणी आणि मधे एक थर, जो बाजूने बघितला तर निळसर आणि आरपार बघितला तर पिवळट-नारिंगी दिसतो. नळी थोडी तिरकी करा. साध्या तेल-पाण्याची सीमारेषा लगेच सपाट होते. ही रेषा मागे राहते, सावकाश लवंडते, तिच्यावर लहरी उठतात आणि हळूहळू विरतात. पृष्ठताण (दोन थरांमधल्या सीमेवरचा ताण) किती कमी झालाय हे डोळ्यांनी दिसतं ते असं. उपकरणावर आकडा बघण्याआधी हे प्रत्येकाने एकदा पाहावंच.

ताकासारखा पांढरा गढूळपणा वेगळा आणि हा निळसर झळाळ वेगळा. लेझर सोडून बघा. गढूळ नळीत किरण आत शिरताच पसरून जातो. निळसर थरात त्याची स्वच्छ रेघ दिसते. दोन पोलरॉइड आडवे-उभे धरून मधे नळी ठेवा. स्थिर नळीतला थर उजळला तर तो मायक्रोइमल्शन नसून लॅमेलर, म्हणजे पापुद्र्यांची रचना असलेला, थर आहे. मायक्रोइमल्शन अंधारच दाखवतं. हलवल्यावर क्षणभर उजळून विझत असेल तर घाबरू नका, प्रवाहामुळे आतली रचना तात्पुरती ओढली जाते.

पायरी पाचवी: फूटपट्टीवरून पृष्ठताण

पृष्ठताणाचा अंदाज नळीच्या खुणांवरूनही येतो. चुन हू यांनी १९७९ मध्ये दाखवलं की मधल्या थरात सर्फॅक्टंटच्या एक मिलीमागे किती मिली तेल मुरलंय, त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात पृष्ठताण असतो. स्थिरांक सुमारे ०.३ मिलिन्यूटन प्रति मीटर.

४.७२ ग्रॅम टोल्युईन म्हणजे साधारण ५.४ मिली. समजा वरचा तेलाचा थर ३.६ मिली उरला, तर १.८ मिली तेल मधे मुरलं. ०.२० ग्रॅम एसडीएसचं घनफळ सुमारे ०.१८ मिली धरा. अल्कोहोल या हिशेबात धरत नाहीत. गुणोत्तर १० आलं. ०.३ भागिले १०० म्हणजे ०.००३. तेल आणि शुद्ध पाणी यांच्यातला ताण ३५ ते ५० असतो. तो दहा हजार पटींनी खाली आला. थोडं ब्युटॅनॉल वरच्या थरातही जातं, म्हणून हा अंदाजच आहे, पण कामाचा अंदाज आहे. तेल आणि पाणी मधल्या थरात सारख्या प्रमाणात मुरतात ती नळी शोधा. तिथलं मीठ म्हणजे तुमचं इष्टतम मीठ. जमिनीतलं अडकलेलं खनिज तेल बाहेर काढण्यासाठी सर्फॅक्टंट निवडणारे लोकही याच आकड्याच्या शोधात असतात.

पायरी सहावी: सीमांच्या जवळ

खरं शिकायचं ते इथे. ५.४ आणि ७.४ च्या दोन्ही बाजूंना ०.१ टक्क्याच्या अंतराने नव्या नळ्या लावा.

खालच्या सीमेकडे येताना मधला थर आणि खालचं पाणी एकमेकांसारखे होत जातात. त्यांच्यातली रेषा फिकट होते, त्या दोघांमधला ताण शून्याकडे जातो, तर वरच्या तेलाशी असलेली रेषा ठळकच राहते. वरच्या सीमेवर उलट: मधला थर आणि तेल एकरूप होऊ पाहतात. दोन थर तिसऱ्याच्या साक्षीने एक होतात, त्या जागेला क्रिटिकल एंडपॉइंट म्हणतात.

आता नवा थर कुठे उगवतो ते बघा. तळाशी बारीकशी चकती म्हणून उगवला, तर तुम्ही सीमा ओलांडलीत पण क्रिटिकल बिंदूपासून दूर. रेषा थराच्या साधारण मध्यावर, दोन जवळपास सारखे भाग करत उमटली आणि त्याआधी सगळा थर धुरकट झाला होता, तर तुम्ही बिंदूच्या जवळून गेलात. कुठलंही उपकरण न वापरता क्रिटिकल रचना ओळखण्याची ही जुनी, खात्रीची खूण आहे.

धुरकटपणाचं कारण असं. बिंदूच्या जवळ रचनेतले चढउतार मोठमोठ्या पट्ट्यांत एकत्र होऊ लागतात. या पट्ट्यांच्या सरासरी लांबीला कोरिलेशन लेंग्थ म्हणतात, आणि बिंदूपासूनचं अंतर कमी होईल तशी ती ०.६३ या घातांकाने वाढते. हा घातांक साध्या द्रव मिश्रणांना, एकट्या द्रवाच्या वायू-द्रव क्रिटिकल बिंदूला आणि साध्या चुंबकाच्या आयझिंग मॉडेललाही लागू पडतो. इतक्या गुंतागुंतीचं, पाच घटकांचं मिश्रण आणि घातांक तोच. मला हे आजही विलक्षण वाटतं.

आकड्यांत बघू. क्रिटिकल तापमान ४० अंश आणि मूळ लांबी १ नॅनोमीटर धरली, तर बिंदूपासून १ अंशावर कोरिलेशन लेंग्थ सुमारे ३७ नॅनोमीटर येते आणि ०.१ अंशावर सुमारे १६०. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७००. म्हणून थर धुरकटतो. साइझरवर '१६० नॅनोमीटर' दिसलं आणि तुम्ही रिपोर्टमध्ये थेंबाचा आकार म्हणून टाकलं, तर ते चूक आहे. थेंब तेव्हाही काही नॅनोमीटरचेच असतात.

दुसरा परिणाम वेळेवर होतो. चढउतार विरायला लागणारा काळ त्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. बिंदूपासूनचं अंतर दहापट कमी केलं तर लांबी सव्वाचार पट होते आणि काळ सुमारे ७८ पट. शिवाय दोन थरांची घनता जवळपास सारखी झालेली असते, त्यामुळे ते वेगळे होऊन बसायलाही वेळ लावतात. म्हणून सीमेजवळच्या नळीला २४ तास पुरत नाहीत. तिला 'निकाल नाही' म्हणून फेकू नका. तारीख टाकून बाथमध्येच राहू द्या आणि रोज एकदा न हलवता वाचा.

पायरी सातवी: तापमानाचा स्कॅन

मिठाचा स्कॅन जमला की एओटी (हाही आयनिक सर्फॅक्टंट), पाणी आणि डेकेन घ्या. १ ग्रॅम एओटी, १.६५ ग्रॅम पाणी, सुमारे २३ मिली डेकेन. हलवलं की एकजीव, पारदर्शक. एका एओटी रेणूमागे साधारण ४१ पाण्याचे रेणू अशी ही रचना आहे, आणि क्रिटिकल अभ्यासात ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. बाथ ३५ वरून हळूहळू वर न्या. ४० अंशांच्या आसपास नळी धुरकटते आणि मग दोन थर पडतात, एकात थेंबांची दाटी, दुसऱ्यात विरळ. इथे गरम केल्यावर थर फुटतात, थंड केल्यावर जुळतात. एओटी किती शुद्ध आणि किती कोरडा यावर हा बिंदू काही अंशांनी सरकतो, म्हणून प्रत्येक डब्याचा बिंदू वेगळा मोजा. डेकेनचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) ४६ अंशांच्या आसपास आहे, तेव्हा नळी बंद आणि बाथ ४३ च्या वर नाही.

त्यानंतर नॉन-आयॉनिक. शुद्ध सी१२ई५ (एक इथॉक्सिलेट), पाणी आणि ऑक्टेन यांचा तीन थरांचा पट्टा ३२-३३ अंशांच्या आजूबाजूला आहे. ऐरोलीत किंवा घोडबंदर रोडला मे महिन्यातली दुपार नेमकी तीच! सकाळी एसीत विन्सर एक असलेली बाटली दुपारी खिडकीत ठेवली की तीन थर दाखवते. गोदामातून येणाऱ्या त्या फोनचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

सर्फॅक्टंटचं प्रमाण आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्या अक्षावर घेऊन थरांच्या सीमा काढल्या की माशाची आकृती उमटते. गॉटिंगेनच्या काहलवाइट आणि स्ट्रे यांनी ती रूढ केली. माशाच्या अंगात तीन थर, शेपटीत एकच. अंग आणि शेपूट जिथे जुळतात, तिथे सर्वांत कमी सर्फॅक्टंटमध्ये सगळं तेल आणि सगळं पाणी एक होतं. तुमच्या साहेबांना खर्च कमी करून हवा असतो तो याच बिंदूकडे सरकून; पण शेपूट तिथे अरुंद असते. बिंदूपासून थोडं उजवीकडे, शेपटीच्या रुंद भागात फॉर्म्युला बसवा, आणि तो १० ते ४५ अंशांत एकाच थरात राहतो का ते तपासा. नागपूरला जाणारा माल ४५ बघतोच.

प्लांटमध्ये येणारा इथॉक्सिलेट शुद्ध नसतो. त्यात इथिलिन ऑक्साइडच्या कमीजास्त साखळ्यांचं मिश्रण असतं. कमी साखळीचे रेणू तेलात निघून जातात, त्यामुळे सर्फॅक्टंट कमी असलेल्या बाजूला माशाचं अंग वर वाकतं. शुद्ध मालावरचा नकाशा प्लांटला देऊ नका. ज्या ड्रममधला माल बॅचमध्ये जाणार, त्याच ड्रममधून सॅम्पल घेऊन मासा पुन्हा काढा. ड्रम बदलला की निदान शेपटीची वरची आणि खालची सीमा तरी तपासा.

नळ्या रिकाम्या करताना

टोल्युईन, ऑक्टेन, डेकेन असलेलं काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही. सर्फॅक्टंटमुळे तेल पाण्यात मुरलेलं असतं, त्यामुळे सांडपाण्याच्या ऑइल ट्रॅपमध्ये ते वेगळं होत नाही. मायक्रोइमल्शनचा गुणच तिथे आड येतो. या पट्ट्याच्या शेजारी ठाण्याची खाडी आहे, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). सगळं लेबल लावलेल्या सॉल्व्हंट वेस्टच्या कॅनमध्ये जमा करा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत मार्गानेच जाऊ द्या.

वहीत प्रत्येक नळीसाठी ही नोंद हवी: प्रत्यक्ष वजनं, एसडीएस किंवा इथॉक्सिलेटचा बॅच नंबर, थर्मामीटरचं तापमान, उलटसुलट केल्याची वेळ, वाचनाची वेळ, थरांच्या उंच्या, रंग आणि रेषा कुठे उमटली. फोटो काढताना मागे काळा कागद लावा, निळसर झळाळ त्याशिवाय कॅमेऱ्यात येत नाही.